एकाचा नकार पुरे

सिंगापुरात पासिर रिसच्या किनाऱ्यावर एका रविवारी सकाळी माझा दादा वाळूत डबा पुरत होता. वहिनीच्या ओट्यावरून उचललेला, रोजचा पोळीभाजीचा डबा. आत पोळीभाजी नव्हती, बीकन होतं. बीकन म्हणजे तळहातात मावेल न मावेल असं एक यंत्र. बर्फाच्या डोंगरात हिंडणारी माणसं ते छातीशी पट्ट्याने बांधतात आणि चालू करून ठेवतात. ते गुपचूप आपला संदेश सोडत राहतं. हिमकडा कोसळून एखादा गाडला गेलाच, तर बाकीच्यांनी आपापली बीकनं शोधायच्या बटणावर टाकायची आणि आवाजाच्या मागे जात जात त्याला हुडकून, उकरून काढायचं. तो जिवंत असेपर्यंत.

आम्ही तिघं याचा सराव करत होतो. उकाड्याने जीव चाललेला, मानेवरून घामाच्या धारा, समोर मालवाहू जहाजं नांगरलेली आणि आम्ही हिमस्खलनात सापडलेल्या माणसाला शोधतोय. दादाचं पुरून झालं, मग आम्ही डबा पुरताना पाठ फिरवून उभं राहायची पाळी त्याची आली तेव्हा मात्र तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिला आणि मग थेट उकरलेल्या वाळूपाशी जाऊन उभा राहिला. "सापडला," म्हणाला. भाची म्हणाली, "बाबा, तू वाळू बघून शोधलंस. तिकडे असं काही दिसत नसतं. सगळं पांढरं सारखं असतं." दादाने हात झटकले. सायकलवरून जाणारा एक म्हातारा थांबून म्हणाला की किल्ली हरवली असेल तर त्याच्या जावयाकडे मेटल डिटेक्टर आहे. भाचीने त्याला "नो नीड लाह, अंकल" म्हणून हसत वाटेला लावलं.

आता आधी माणसं सांगते. दादा माझ्याहून बराच मोठा. बँकेत, कित्येक वर्षांपासून सिंगापुरात, पासिर रिसला स्वतःचा फ्लॅट. मला इथे आणलं त्यानेच. पहिल्या नोकरीसाठी माझा अर्ज त्याने आपल्या ओळखीत फिरवला आणि पहिलं वर्ष मी त्याच्याच घरी जेवले. नंतर मी बिशानला भाड्याने राहायला लागले. एकटी. लग्न का केलं नाही यावर आमच्या घरात इतकं बोलून झालंय की इथे नको. नोकरी तुआसला, जहाजांचे भाग दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये, सेफ्टी विभागात. म्हणजे दिवसभर लोकांना 'हे करू नका' म्हणायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्यासारख्या फटकळ बाईला मानवणारं काम.

भाची ही दादाची एकुलती एक मुलगी, तेव्हा युनिव्हर्सिटीत. त्याच्या आदल्या वर्षी ती एका सत्रासाठी कॅनडात शिकायला गेली होती. तिथे सगळी मुलं दर शनिवार-रविवार बर्फात, म्हणून तीही गेली, आणि जाण्याआधी हिमस्खलनाचा रीतसर कोर्स केला. सिंगापुरात वाढलेलं पोर, बर्फ म्हणजे तिच्या लेखी फ्रीजमधला. पण शिकली ती मनापासून. परत येताना दोन बीकनं घेऊन आली.

आणि दादाच्या डोक्यात पन्नाशीचं घुसलं. पन्नासावं वरीस लागताना म्हणे लेकीबरोबर बर्फाच्या डोंगरावर उभं राहायचं. चायनीज न्यू इयरच्या सुट्टीला रजा जोडली की बरेच दिवस हाताशी येतात, तेव्हा जपानात, होक्काइदोला जायचं. बुटांखाली रुंद जाळीदार स्नोशूज बांधून, रिसॉर्टच्या आखलेल्या वाटा सोडून, पलीकडच्या मोकळ्या डोंगरात. आत्यानेही यायचं. आत्या म्हणजे मी. मला कोणी विचारलं नाही, तिकिटं काढून झाल्यावर कळवलं. दादाची ही जुनी पद्धत.

तर दादा. पुण्यात कॉलेजात असल्यापासून त्याने सह्याद्री पायाखाली घातलेला. इथल्या मराठी मंडळींत तो आमचा ट्रेकवाला. रविवारी त्याच्यामागून पंधरा-वीस जण रानातल्या पायवाटांनी चालतात. तो म्हणेल तिथे थांबायचं, तो म्हणेल तेव्हा लाडू काढायचे. या ट्रेकमध्ये एक नियम वर्षानुवर्षं चालत आलाय: लीडरचा शब्द शेवटचा. आणि दुसरा: सगळ्यांनी एकत्र राहायचं, मागच्याला टाकून पुढे जायचं नाही, अवघड जागी हाताला हात धरून साखळी करायची. हे नियम वाईट नाहीत. निसरड्या कातळावर या नियमांनी माणसं जगलीयत. दादाने स्वतः दोघांना असं ओढून काढलंय, आणि ते दोघं त्याच्या पाया पडायचे तेवढे बाकी आहेत.

पण भाचीने शिकून आणलेलं सगळं नेमकं उलटं होतं. ती म्हणाली, उतार ओलांडताना एका वेळी एकानेच जायचं. बाकीच्यांनी आडोशाला उभं राहून त्याच्याकडे बघत राहायचं, म्हणजे गेला तर एकच जाईल आणि काढायला बाकीचे उरतील. दादाला हे पटेना. "मग ग्रुप कशाला म्हणायचं त्याला? तिघं अनोळखी माणसं बरी की." ती म्हणाली, "बघत राहणं म्हणजेच ग्रुप." दादा नुसता हुं म्हणाला.

वहिनी येणार नव्हती. तिला एअरकंडिशनरही सोसत नाही, ती बसमध्ये शाल पांघरते. पण बर्फाची भानगड आमच्यात सगळ्यात आधी तिलाच कळली. एका संध्याकाळी ती पोळ्या करत होती, मी ओट्याला टेकून उभी, आणि भाची तिला समजावत होती की बर्फ एकसंध नसतो, पदरापदराने साठतो. प्रत्येक वादळाचा एक पदर. मधे एखादी निरभ्र, कडाक्याची रात्र गेली तर वरच्या बर्फावर पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात. दिसतात फार सुंदर. मग त्यावर पुढचं वादळ बर्फ टाकतं आणि ते आत दडून जातात. वरचा पदर खालच्याला नीट चिकटतच नाही. कुणाचं वजन पडलं की अख्खा पदर सुटून खाली येतो. वहिनीने लाटलेल्या पोळीवर तेलाचं बोट फिरवलं, चिमूटभर पिठी भुरभुरवली, घडी घातली आणि म्हणाली, "म्हणजे मधे पिठी आहे. म्हणून पदर सुटतो." भाची म्हणाली, "एक्झॅक्टली, आई."

वहिनीने ती पोळी तव्यावर टाकली आणि मुलगी बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "हे तुझ्या भावाला कोण सांगणार? तिला बर्फ कळतो, त्याला कळत नाही. आणि तिचं ऐकायची त्याला सवय नाही. तो तिला अजून शाळेच्या दप्तरासकट बघतो. दोघं माझी आहेत गं. दोघंही परत आण."

एवढं साधं होतं. ऐन वेळी दादा पोरीचं ऐकेल का, हा प्रश्न. बाकी बूट, जॅकेटं, हातमोजे, तिसरं बीकन, सगळं भाड्याने मिळतं.

मी माझ्या परीने एक केलं. आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम आहे: कोणालाही, अगदी काल लागलेल्या माणसालाही, धोका वाटला तर काम थांबवता येतं. कारण नंतर विचारायचं, आधी थांबायचं. भाचीच्या कोर्समध्येही तेच शिकवलं होतं. एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार. चर्चा नाही, मतदान नाही, रुसवा नाही. घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी म्हणजे इथली कॉफी घेता घेता मी हा नियम दादापुढे मांडला. त्याने नारळाचा जॅम लावलेल्या खाया टोस्टचा तुकडा अंड्यात बुडवला आणि म्हणाला, "कबूल. एकाचा नकार पुरे." इतक्या सहज म्हणाला की मला ते खरंच वाटेना. तुआसला मी पाहिलंय, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला असतो आणि सुपरवायझर समोर उभा असला की त्याच्याखालीच माणसं मूग गिळून बसतात. नियम कबूल करायला कोणाचं काय जातं?

सरावाचे ते दोन महिने मजेचे गेले, हेही सांगायला हवं. भाड्याचे ते बोजड बूट पायात घालून आम्ही दादाच्या ब्लॉकचे जिने चढायचो. लिफ्टमधून उतरणाऱ्या बायका आमच्याकडे बघून बाजूला व्हायच्या. एकीने वहिनीला विचारलंही, की तुमच्या घरच्यांची काही धार्मिक शिक्षा चालू आहे का. भाची रोज सकाळी आम्ही जाणार त्या गावचा बर्फाचा अंदाज मोबाइलवर वाचून दाखवायची. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. पाचला कोणी घराबाहेरच पडत नाही, एकला काळजी नसते. फसतात माणसं ती तीनला, असं ती म्हणायची. तीन म्हणजे नाही म्हणावं असंही नाही आणि हो म्हणावं असंही नाही, मग प्रत्येकजण आपल्याला हवं ते वाचतो. मला हे वाचन फार विचित्र वाटायचं. सिंगापुरात सकाळी उठून आकाशाकडे बघायची सवयच मोडते. रोज तेच ऊन, दुपारी तोच पाऊस, छत्री पिशवीत असली की झालं. हवा इथे आपल्याला काही विचारत नाही. तिथे रोज सकाळी विचारणार होती.

होक्काइदोत उतरलो आणि वादळ लागलं. पहिल्या दोन दिवसांसाठी एक वाटाड्या ठरवला होता. पहिल्या दिवशी तो आम्हाला झाडीतल्या सपाट भागात घेऊन गेला. गुडघाभर भुसभुशीत बर्फ, तोंडावर बोचणारा वारा, आणि दादा लहान पोरासारखा खूष. दुसऱ्या दिवशी वाटाड्याने बाहेर नेलंच नाही. मग आणखी एक दिवस सबंध बर्फ पडत राहिला. आम्ही लॉजच्या खोलीत बसून नूडल्स खाल्ल्या, पत्ते कुटले. दादा खिडकीशी जायचा, परत यायचा, परत जायचा. रजेचे दिवस चाललेले, पन्नाशी चाललेली. "इतकं लांब येऊन पत्ते," असं एकदा म्हणाला. भाचीने पुन्हा पत्ते पिसले.

शेवटच्या दिवशी सकाळी पडदा सरकवला आणि बाहेर निळंशार आकाश. वाऱ्याची झुळूक नाही. लॉजच्या मागचा डोंगर उन्हात असा झळकत होता की डोळे दिपत होते. दादा दारात उभा राहून म्हणाला, "उघडलं. चला."

हा एक शब्द आमच्या माणसांच्या अंगात किती मुरलाय ते सांगायला हवं. सह्याद्रीत पाऊस कोसळत असला की गुहेत नाहीतर गावातल्या देवळात बसायचं आणि उघडलं की निघायचं. उघडणं म्हणजे परवानगी. पिढ्यानपिढ्यांचा हिशेब आहे हा, आणि तिकडे तो बरोबरच आहे. बर्फात मात्र वादळ संपल्यावरची ती पहिली निळी सकाळच सगळ्यात वाईट. रातोरात पडलेलं वजन खालच्या कच्च्या पदरावर तसंच लटकलेलं असतं, त्याला अजून बसायला वेळ मिळालेला नसतो. आणि माणसं ऊन बघून बाहेर पडतात. भाचीने हे सिंगापुरात तीनदा सांगितलं होतं. दादाने तीनदा मान डोलावली होती. पण पडदा सरकवल्यावर डोळ्यांनी जे सांगितलं ते त्या सगळ्यावर चढून बसलं.

लॉजच्या दाराशी अंदाजाचा कागद लावला होता. तीन.

भाची म्हणाली, जाऊ या, पण झाडीच्या कडेपर्यंत. तिथून पुढे मोकळा उतार, त्याच्यापलीकडे कडा, आणि दादाला त्या कड्यावर उभं राहायचं होतं. झाडीच्या कडेला पोचलो. उतार समोर पसरलेला, फार उभा नाही, जिन्यापेक्षा कमीच वाटावा. बघूनच कळत होतं की बघून काही कळणार नाही. कुणा स्कीवाल्यांच्या दोन ताज्या रेघा त्यावरून नागमोडी खाली गेल्या होत्या.

भाचीने फावडं काढलं, जोडलं आणि कडेला, झाडांच्या आडोशाला, बर्फात खड्डा खणला. खड्ड्याच्या भिंतीतून फावड्याएवढा एक खांब मोकळा करून घेतला, त्याच्या डोक्यावर फावड्याचं पान ठेवलं आणि कितव्या थापटीला पदर सुटतो ते बघायला वरून थापट्या मारायला लागली. आधी नुसतं मनगट हलवून, हलक्या. मग कोपरापासून. कोपराच्या दुसऱ्या-तिसऱ्या थापटीला खांबाचा वरचा भाग अलगद सरकला आणि तिच्या मांडीवर आला. कापल्यासारखा सपाट. खाली काय दिसलं? पिठी. मोठाली, चमकणारी, पिसांसारखी पिठी. मी हातमोजा काढून बोट लावलं तर ते स्फटिक भुरभुरत सांडले.

भाची उठून उभी राहिली. "माझा नकार आहे," म्हणाली. मराठीत म्हणाली. ती एरवी आमच्याशी अर्धं इंग्रजीत बोलते.

दादा हसला. "अगं, त्या रेघा बघ. दोघं जण गेलेत की आत्ता."

"ते गेले म्हणून आपण जाऊ शकतो असं नसतं, बाबा. दहावा माणूसही पाडू शकतो."

"मी जेवढे डोंगर चढलोय तेवढे तुझे वाढदिवस झाले नाहीत."

"बर्फाचे नाही चढलास."

हे त्याच्या नाकाला झोंबलं. लाल झाला. मग माझ्याकडे वळला. "तू सांग गं हिला. तू तरी मोठी आहेस."

आयुष्यात मी दादाला तोंडावर कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. इतर सगळ्या जगाला म्हणते, पगार त्याचाच घेते, पण त्याला नाही. त्याने मला घरात ठेवलं, नोकरीला लावलं, आईबाबांपुढे माझी बाजू घेतली. मी म्हणाले, "सांगायचं काय त्यात? तिने नकार दिला. नियम आहे. संपलं."

दादाने एकदा कड्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "ठीक. तुम्ही दोघी इथे थांबा. मी एकटा जाऊन येतो. एका वेळी एक, तुझाच नियम." आणि स्नोशूजचे पट्टे आवळून निघालाच.

मला वाटलं भाची ओरडेल, रडेल, त्याचा हात धरेल. मी तर धरणारच होते, पण पुढे पाऊल टाकताच तिने मला हाताने अडवलं. ओरडली नाही. आपल्या सॅकमधून घडीची लांब काठी काढली, प्रोब म्हणतात तिला, बर्फात खुपसून खाली माणूस लागतो का बघायची. दोरी ओढून ती सरळ केली आणि माझ्या हातात दिली. फावडं पुन्हा जोडलं. छातीवरचं बीकन बाहेर काढून हातात घेतलं. आणि मला म्हणाली, "आत्या, त्याच्यावरून नजर हलवू नकोस. शेवटचा कुठे दिसला ती जागा लक्षात ठेव. गेला तर तिथून खाली शोधायचं."

मी दादाच्या लाल जॅकेटवर नजर ठेवली. आपल्या भावाला आपण शेवटचा कुठे बघणार आहोत ते ठरवत उभं राहणं म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. रडूही येत नाही. डोळे पुसायला गेलं तर नजर हलते.

दादा उतारावर शिरला होता. पंधरावीस पावलं. मग तो थबकला. मला नंतर सांगितलं त्याने, की मागे शांतता होती म्हणून थबकला. सह्याद्रीत अवघड जागी माणूस पुढे गेला की मागून आवाज येतातच. जपून रे. डावीकडे पाय टाक. सावकाश. त्याच्या आयुष्यात असा एकही उतार नव्हता जिथे मागून कोणी काही बोललं नाही. त्याने मान वळवून पाहिलं. त्याला काय दिसलं तर बहीण काठी घेऊन उभी आणि मुलगी फावडं घेऊन. मुलगी त्याच्याकडे रागाने किंवा विनवून बघत नव्हती. कामाला लागायच्या तयारीने बघत होती.

तो तसाच उभा राहिला. मग अगदी हळू, आपल्याच पावलांच्या खळग्यांत पाय टाकत परत आला. झाडीत शिरला तेव्हा माझ्या जिवात जीव आला आणि मी त्याला अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. भाची फावडं सुटं करून सॅकमध्ये घालायला गेली तर तिच्याने खटका दाबला जाईना. मोजे काढले तरी जाईना. दादाने तिच्या हातातून फावडं घेतलं, खटका दाबला, दांडा पानातून काढला आणि दोन्ही तिच्या सॅकमध्ये ठेवून दिलं. मग आम्ही खाली आलो.

उतार पडला नाही. हे स्पष्ट सांगते, कारण ही गोष्ट ऐकणारे सगळे मान पुढे काढून वाट बघत असतात. दुपारी आणखी लोक त्यावरून गेले, लॉजच्या खिडकीतून दिसत होते. त्यांनाही काही झालं नाही. आम्ही परत निघालो तेव्हा तो तसाच होता, देखणा, निवांत. भाची त्या रात्री जेवली नाही. म्हणाली पोट बिघडलंय. विमानात ती आणि दादा शेजारी बसले आणि दोघांनी आपापले सिनेमे पाहिले.

वहिनीला दादाने चांगी विमानतळावर एवढंच सांगितलं की हवा खराब होती. मीही गप्प बसले. पण वहिनीला दोघांचे चेहरे वाचता येतात. तिने मला फोन करून सगळं काढून घेतलं आणि मग विचारलं, "म्हणजे ऐकलं त्याने?" मी म्हटलं, "परत आला. ऐकलं की नाही ते माहीत नाही." माझं खरंच तसं मत होतं. घाबरून परत फिरणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. पुढच्या वेळी फावडं घेतलेली मुलगी समोर नसेल, काठी घेतलेली बहीण नसेल, आजूबाजूला वाहवा करणारे असतील, तेव्हा काय?

ती वेळ लवकरच आली, आणि आली ती दादाच्या जेवणाच्या टेबलाशी. पन्नाशीचं म्हणून वहिनीने ट्रेकच्या ग्रुपला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. घर भरलेलं, मसालेभात, अळूची भाजी, कोशिंबीर. त्यातलं एक जोडपं आमच्या मागोमाग त्याच गावाला जाऊन आलं होतं. नवऱ्याने मोबाइल काढला आणि सगळ्यांना व्हिडिओ दाखवायला लागला. त्याच उतारावरचा. तिथेच, झाडीच्या कडेपासून ते थेट कड्यापर्यंत, हे दोघं आणि आणखी कुणी दोघं, एकामागोमाग, गाणी म्हणत.

"दादा, तुम्ही इथूनच परत फिरलात ना?" तो म्हणाला. "वहिनींनी सांगितलं मिसेसला. म्हणजे पोरीने उगाचच घाबरवलं तुम्हाला." सगळे हसले. वाईट हेतूने नाही, आपल्यातलं म्हणून. आणखी कुणी म्हणालं, "आमचा लीडर आणि अर्ध्यातून परत?" तेही हसण्यावारी.

भाची पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला. ती काय म्हणणार? उतार पडला नव्हता. तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, तिचा नकार तेवढा होता आणि तो चुकीचा असू शकत होता. तिलाही ते माहीत होतं. मी तोंड उघडणार होते, आणि मी उघडलं असतं तर त्या माणसाचं जेवण तिथेच थांबलं असतं.

पण दादा आधी बोलला. भात कालवता कालवता. "चुकली असेल ती," म्हणाला. "असू दे. मला चालतं." मग त्या माणसाकडे बघून म्हणाला, "तिचं बरोबर असेल तेव्हाच मी थांबणार असलो, तर ते ऐकणं कसलं? उद्या पुन्हा नाही म्हणाली तर पुन्हा परत येईन. चुकली तरी."

त्या माणसाने मोबाइल उलटा ठेवला. दादाने ताटातून नजर वर केली नाही, फक्त रिकामा ग्लास उचलून मुलीपुढे धरला. भाचीने पाणी ओतलं. ग्लास भरला तरी ती ओततच राहिली, पाणी टेबलावरून दादाच्या मांडीवर गेलं, आणि तो तसाच ग्लास धरून बसला. वहिनीने फडकं आणलं.